सातशे डॉलरचा डिजिटल स्कॅनर गप्प का बसतो?

न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनपासून सुरुवात करून आपले रेडिओ चॅनल एकेक करत कुलूपबंद करायला घेतले, म्हणजे बाहेरच्या कोणाला ऐकूच येऊ नयेत असे करायला घेतले, तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरून फिरून येतो, की ते पोलीस-फायरचं बोलणं ऐकायचं हँडसेटसारखं यंत्र असतं ते आता घ्यावं की पैसे पाण्यात जातील. आणि त्याच्या जोडीला ज्यांनी आधीच घेतलंय त्यांचं रडगाणं असतंच. एका मित्राचा मेसेज तसाच्या तसा देतो: "अरे पावणेसातशे डॉलर घातले, झिप कोड टाकला, स्क्रीन मस्त रंगीत आहे, पण शेजारच्या गल्लीत तीन फायर ट्रक उभे होते आणि हा पठ्ठ्या गप्प!"

हे यंत्र म्हणजे हँडहेल्ड डिजिटल रेडिओ स्कॅनर. माझ्याकडेही आहे. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण तो गप्प बसतो त्याचं कारण बहुतेक वेळा कंपनीत नसतं, तुमच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) असतं. ते कसं ते नीट सांगतो.

आधी मुळात हे करतं काय

फक्त ऐकतं. बोलायचं बटण नाही, त्यामुळे वॉकीटॉकीशी गल्लत करू नका. साधा एफएम रेडिओ एका स्टेशनवर थांबून राहतो, हा मात्र एका फ्रिक्वेन्सीवर कोणी बोलतंय का बघतो, नसेल तर पुढची, मग पुढची, सेकंदाला कितीतरी, आणि आवाज सापडला की तिथे थांबतो. सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेत प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी एक वेगळा क्रिस्टल विकत आणून खोचावा लागायचा, आठ चॅनल म्हणजे आठ क्रिस्टल. पण एकदा खोचला की विषय संपला, पोलीस बोलले की तुम्हाला ऐकू येणार.

ते सोपं गणित दोन गोष्टींनी मोडलं, ट्रंकिंग आणि डिजिटल आवाज. आणि तिसऱ्या एका गोष्टीने तर माझ्या मित्राचा घास घेतला, तिचं नाव सायमलकास्ट.

ट्रंकिंग: एसटी स्टँडवरचा भोंगा

आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या एसटी स्टँडची कल्पना करा जिथे कुठलाच फलाट कुठल्याच गाडीला ठरवून दिलेला नाही. कोल्हापूरची गाडी आत्ता चारवर लागली, पुढची कोल्हापूर सातवर लागेल, आणि चारवर तेव्हा नाशिक उभी असेल. तुम्ही चार नंबरवर जाऊन बसलात तर तुम्हाला अर्धं कोल्हापूर, अर्धं नाशिक आणि मधेच शिर्डी दिसणार. कोल्हापूरचीच गाडी पकडायची तर एकच मार्ग, कंट्रोलरच्या भोंग्याकडे कान लावायचा आणि तो म्हणेल त्या फलाटावर पळायचं.

ट्रंकिंग हेच आहे. काउंटीकडे समजा दहा फ्रिक्वेन्सी आहेत आणि वापरणारे शंभर गट, पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स, बर्फ काढणारे, शाळेच्या बसेस. प्रत्येकाला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी दिली तर त्या दिवसभर रिकाम्या पडून राहतील. म्हणून एक फ्रिक्वेन्सी भोंग्यासाठी राखून ठेवतात, तिला कंट्रोल चॅनल म्हणतात, आणि ती चोवीस तास डेटा ओकत असते की अमुक गट आता तमुक फ्रिक्वेन्सीवर बोलतोय. गटाला म्हणतात टॉकग्रुप. म्हणजे तुम्ही ऐकायला निवडता तो टॉकग्रुप, फ्रिक्वेन्सी कोणती ते दर वाक्याला बदललं तरी चालतं. स्कॅनर तो भोंगा ऐकून तिकडे उडी मारतो.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी, की भोंगा नीट ऐकू आला नाही तर पुढचं काहीच होत नाही. स्कॅनर बिघडलेला नसतो, तो फलाटच शोधत बसलेला असतो.

डिजिटल: एकतर चकाचक नाहीतर काहीच नाही

जुन्या ॲनालॉग रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढायची, तरी बोलणं कळायचं. डिजिटलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात आणि ते आकडे हवेतून जातात. अमेरिकेत पोलीस-फायरसाठी याचं जे मानक आहे त्याला पी२५ म्हणतात, त्याचं काम १९८९ मध्ये सुरू झालं. त्याचा दुसरा टप्पा म्हणजे फेज टू, ज्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेचे बारीक तुकडे पाडून दोन संभाषणं बसवतात. न्यू जर्सीची राज्यभराची यंत्रणा याच जातीची आहे, ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली. त्यामुळे ऑनलाइन कोणी "पी२५ चालतो" म्हणून जुना स्कॅनर स्वस्तात विकत असेल तर फेज टू चालतो का हे विचारल्याशिवाय पाकीट काढू नका, बरेच जुने फक्त फेज वन समजतात.

आकडे थोडे चुकले तर यंत्र सुधारून घेतं, जास्त चुकले तर आवाज तुटतो, रोबो पाण्यात बुडतोय असं काहीतरी ऐकू येतं, आणि त्याहून जास्त चुकले की शांतता. चांगल्या मॉडेलच्या स्क्रीनवर चुकांचा आकडा दाखवायची सोय असते. तो शून्य-एक असेल तर बातम्या दिल्यासारखा स्पष्ट आवाज, आणि तो भराभर वर चढला की समजायचं. सिग्नलच्या दांड्यांपेक्षा मी हा आकडा बघतो. दांड्या पाचही भरलेल्या आणि आवाज मात्र चिंध्या, हे दृश्य नव्या मालकाला हमखास चक्रावून टाकतं.

दांड्या फुल, तरी आवाज का नाही? सायमलकास्टची भानगड

आता पुन्हा त्याच स्टँडवर चला. भोंगा एक नसून चार आहेत, चार कोपऱ्यांत, आणि चारही एकच वाक्य एकाच क्षणी बोलतायत. एका भोंग्याखाली उभे राहा, स्पष्ट. चौघांच्या बरोबर मधे उभे राहा, "कोकोल्हाल्हापूपूर". आवाज कमी नाहीये, उलट जास्तच आहे, पण कळत काही नाही.

काउंटीभर कव्हरेज हवं म्हणून बरेच टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच सिग्नल सोडतात, घड्याळं जीपीएसने जुळवलेली असतात. यालाच सायमलकास्ट म्हणतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे एक टॉवर दुसऱ्यापेक्षा दहा किलोमीटर लांब असेल तर त्याची प्रत ३३ मायक्रोसेकंद उशिरा पोचते. माणसासाठी काहीच नाही. पण पी२५ फेज वनमध्ये सेकंदाला ४८०० चिन्हं येतात, एका चिन्हाला वेळ मिळतो साधारण २०८ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात ३३ ने सरकलेली दुसरी प्रत आणि ५० ने सरकलेली तिसरी येऊन बसली की आकडे एकमेकांवर चढतात.

पोलिसांच्या स्वतःच्या महागड्या रेडिओला हे झेपतं, तो त्यासाठीच बनवलेला असतो. आपल्या स्कॅनरांची आतली रचना मात्र अनेक वर्षं जुन्या एफएमच्या पद्धतीची होती, जी सिग्नलचा जोर वरखाली होतो ती माहिती आधीच फेकून देते आणि मग उरलेल्यातून आकडे शोधते, आणि सायमलकास्टमध्ये नेमकी ती फेकलेली माहितीच कामाची असते. २०१८ मध्ये युनिडेन कंपनीने एसडीएस १०० नावाचा हँडहेल्ड स्कॅनर आणला तो गाजला तो याच कारणासाठी, त्यात सिग्नल पूर्ण रूपात घेऊन सॉफ्टवेअरने सोडवतात. लोक सातशे डॉलर देतात ते रंगीत स्क्रीनसाठी नाही, यासाठी.

"मग मोठी अँटेना लावली की झालं ना?"

नाही, आणि इथे बहुतेकजण फसतात. लांबचं ऐकायचं असेल तर उंच अँटेना बरोबर, पण सायमलकास्टमध्ये उंच अँटेना म्हणजे आणखी चार भोंगे कानाशी आणणं. उलट करा. अँटेना लहान लावा, ८०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे जेमतेम ९ सेंटीमीटर होते, तेवढी बोटभर पुरते. स्कॅनरमध्ये सिग्नल मुद्दाम कमी करायचं ॲटेन्युएटर नावाचं सेटिंग असतं ते चालू करून बघा. आणि जागा बदला, अगदी फूटभर सुद्धा.

त्या मित्राच्या घरी आम्ही तेच केलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत, जिथे सगळ्यात जास्त दांड्या होत्या, तिथे चुकांचा आकडा थांबायचं नाव घेत नव्हता. खाली स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला मायक्रोवेव्हवर ठेवला, दांड्या दोनवर आल्या आणि काउंटीची डिस्पॅचर, म्हणजे गाड्या कुठे पाठवायच्या ते रेडिओवर सांगणारी बाई, खोलीत बसल्यासारखी बोलायला लागली. फ्रीज आणि भिंत मिळून दोन टॉवर अडले असणार, एवढंच. वहिनींनी विचारलं की हे आता इथेच राहणार का, तर हो, इथेच राहणार. अजून तिथेच आहे.

झिप कोड टाकला की झालं, हे कितपत खरं?

अर्धं. नवीन मॉडेलमध्ये देशभरातल्या यंत्रणांची यादी मेमरी कार्डवर भरलेली येते, झिप कोड टाकला की आजूबाजूचं सगळं चालू. गोची त्या "सगळं" मध्येच आहे. शेजारच्या तीन काउंट्या, कचऱ्याच्या गाड्या, कॉलेजचे सिक्युरिटीवाले, सगळे एकत्र फिरत राहतात आणि तुमच्या गावातलं फायरचं बोलणं सुरू असताना स्कॅनर भलतीकडेच असतो. पाच-सात टॉकग्रुपांची स्वतःची फेव्हरेट लिस्ट करणं हेच खरं काम आहे, आणि ते यंत्राच्या इवल्याशा बटणांवर न करता विंडोजच्या कॉम्प्युटरवर केलेलं बरं, नाहीतर एका संध्याकाळी केस उपटाल. यादी अपडेट करत राहा, कारण काउंट्या फ्रिक्वेन्सी बदलतात आणि कोणाला कळवत नाहीत.

बाकी मालकांच्या कुरबुरी भराभर सांगतो. बॅटरी डब्यावर लिहिलेल्या तासांपेक्षा लवकर संपते, आत कॉम्प्युटर सतत गणितं करत असतो त्याला इलाज नाही. त्याच कारणाने पाठ गरम होते, उन्हाळ्यात खिशात ठेवलात तर जाणवेल. कंबरेची क्लिप आणि अँटेनाचा जोड हे पहिले मोडणारे भाग, म्हणून अँटेनाला धरून उचलू नका. मॉल, हॉटेल, कारखाने ज्या डिजिटल पद्धती वापरतात, डीएमआर आणि एनएक्सडीएन, त्या काही मॉडेलमध्ये वेगळे पन्नास-साठ डॉलर भरून उघडाव्या लागतात. सातशे दिल्यावर परत हे मागणं मला चीड आणतं, पण घराजवळ तसलं काही नसेल तर त्याची गरजही नाही.

कुलूप लागलं असेल तर?

तर विषय संपला. एन्क्रिप्शन म्हणजे आवाजाचे आकडे पाठवायच्या आधी एका गुप्त किल्लीने ढवळून टाकणं, ती किल्ली पोलिसांच्या रेडिओत असते, तुमच्याकडे नसते आणि कुठलाही स्कॅनर विकणारा ती देऊ शकत नाही. भोंगा मात्र उघडाच असतो, त्यामुळे स्क्रीनवर टॉकग्रुपचं नाव येतं, कोणीतरी बोलतंय हे कळतं, आवाज येत नाही. "सगळं उघडून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर तो फसवतोय, आणि तसं उघडणं अमेरिकेच्या फेडरल कायद्यात गुन्हाही आहे.

कुलूप लावावं का, यावर दोन्ही बाजूंना दम आहे. पोलीस म्हणतात की चोरही स्कॅनर ऐकतात, आणि रेडिओवर लोकांची नावं, जन्मतारखा, लायसन्स नंबर बोलले जातात ते जगाने का ऐकावं. हे दुसरं म्हणणं मला पटतं. कॅलिफोर्नियाच्या न्यायखात्याने २०२० मध्ये पोलीस खात्यांना हेच सांगितलं की अशी माहिती उघड्यावर बोलू नका, एकतर कुलूप लावा नाहीतर ती माहिती दुसऱ्या मार्गाने द्या. बऱ्याच शहरांनी सोपा रस्ता धरून सरसकट कुलूप लावलं. तिथल्याच पालो आल्टो शहरानेही २०२१ च्या सुरुवातीला लावलं, मग गावातून ओरड झाली आणि २०२२ मध्ये काढलं, नाव-नंबर सांगायचे तेवढे वेगळ्या मार्गाने आणि रोजचं बोलणं उघडं. म्हणजे मधला रस्ता आहे. शिकागोने असं केलं की ऑनलाइन ऐकायला द्यायचं पण ३० मिनिटं उशिरा. घराजवळ आत्ता काय चाललंय हे अर्ध्या तासाने कळून काय उपयोग ते त्यांनाच माहीत. न्यूयॉर्कच्या नव्या यंत्रणेचा खर्च ३९ कोटी डॉलरच्या घरात सांगितला गेला, आणि तिथले पत्रकार गेली कित्येक दशकं पोलिसांच्या प्रेसनोटची वाट न बघता घटनास्थळी पोचायचे ते या रेडिओच्याच जोरावर, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

मग ऐकायला उरतं काय?

अजून बरंच. फायर आणि ॲम्ब्युलन्सच्या गाड्या कुठे पाठवायच्या हे बोलणं बऱ्याच काउंट्यांत उघडं आहे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचं उरलेलं पाणी न्यू जर्सीवर कोसळलं, राज्यात तीसच्या आसपास माणसं गेली, त्यातली बरीच गाड्यांत अडकून. त्या रात्री फोनवर एकामागून एक फक्त "फ्लॅश फ्लड" चे अलर्ट वाजत होते, पण कुठला अंडरपास भरला, कुठल्या रस्त्यावर गाडीच्या टपावर माणसं बसलीत, हे नावागावासकट सांगणारं एकच होतं, फायरचं चॅनल. माझ्या मते स्कॅनर घ्यायचं खरं कारण हे आहे, पोलिसांच्या भानगडी ऐकणं नाही.

विमानं, रेल्वे, बोटी आणि हवामानखात्याची चोवीस तास चालणारी सात चॅनल हे जवळजवळ सगळं ॲनालॉग आहे. २८ एप्रिल २०२५ ला नुवार्कच्या विमानांना वाट दाखवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या केंद्रातला रडार आणि रेडिओ सुमारे दीड मिनिट गेला होता ना, त्यानंतर बरेच जण स्कॅनरचे भाव विचारत होते. विमानांसाठी सातशे डॉलरची गरजच नाही, शे-सव्वाशेचा साधा स्कॅनर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा व्यवस्थित ऐकवतो.

"फोनवर फुकट ॲप आहे की!"

आहे, आणि सुरुवातीला तेच वापरा. पण ॲपमध्ये आवाज येतो कुठून? तुमच्या भागातल्या कोणा हौशी माणसाने स्वतःचा स्कॅनर घरी लावून तो इंटरनेटवर सोडलेला असतो. तो निवडेल तेच तुम्ही ऐकणार, काही सेकंद ते मिनिटभर उशिरा, आणि वादळात त्याची वीज गेली की तुमचं ॲपही गेलं.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे तीस-चाळीस डॉलरचा यूएसबी डोंगल लॅपटॉपला लावून एसडीआरट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवणं. सायमलकास्ट हे कधी कधी महागड्या हँडसेटपेक्षाही बरं सोडवतं. खिशात घालून फिरता येत नाही आणि शिकायला डोकं लावावं लागतं, पण आपल्या घरी काय पकडलं जातं आणि काय कुलूपबंद आहे हे सातशे घालायच्या आधी तीसात कळतं. आयटीतल्या माणसांना मी हेच सुचवतो.

ते नसेल करायचं तर निदान रेडिओरेफरन्स या वेबसाइटच्या यादीत आपली काउंटी उघडा. यंत्रणा कुठली, फेज वन की टू, सायमलकास्ट आहे का, आणि टॉकग्रुपच्या रकान्यात "डी" आहे की "डीई" ते बघा, फेज टूवाल्यांपुढे "टी" किंवा "टीई". मागे कॅपिटल "ई" असेल तर कुलूप. गावाच्या पोलिसांपुढे ई आणि फायरपुढेही ई असेल तर पैसे वाचले म्हणायचं.

हे ऐकणं कायद्यात बसतं का?

अमेरिकेत उघडं बोलणं घरी बसून ऐकायला परवाना लागत नाही. मोबाइल फोनचं बोलणं मात्र १९८६ पासून ऐकायला मनाई आहे, आणि १९९४ पासून तो पट्टा पकडणारे स्कॅनर बनवायला आणि आयात करायलाही. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर मोबाइलवरचा एक कॉल पकडून टेप केला, ज्यात अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंगरिच बोलत होते, आणि ती टेप पुढे दिली, तेव्हा दोघांना प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. म्हणजे ऐकलेलं पुढे पोचवताना आणि त्याचा फायदा उठवताना सांभाळा.

गाडीत नेताना राज्याराज्याचे नियम वेगळे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, न्यूयॉर्कमध्ये हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स असलेल्यांना सूट आहे. जर्सीतून लिंकन टनेलने मॅनहॅटनला निघालात तर तो घरीच ठेवलेला बरा.

आणि पुण्याला भावाला नेऊन दिला तर?

नका देऊ. भारतात १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगणं हाच गुन्हा, आणि २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात चोरून संदेश ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने साध्या वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांनाही नोटिसा काढल्या होत्या, मग पोलिसांचा बँड पकडणारं यंत्र बॅगेत सापडलं तर कस्टमच्या साहेबांना "हौस म्हणून आणलंय" सांगून सुटका होणार नाही. भावाला रेडिओचीच हौस असेल तर त्याला हॅमची परीक्षा द्यायला सांगा, भारतात ती दूरसंचार विभाग घेतो, आणि मग तो नुसतं ऐकणार नाही, बोलेलही.